शाळेच्या ऑफिसातला प्रिंटर

(आपल्या १९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे. मधला माइकचा गोंधळ तेवढा काढला आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचं जग’. मी म्हटलं, वीस मिनिटांत उद्याचं जग आवरत नाही. त्यापेक्षा मी शाळेच्या ऑफिसातल्या जुन्या प्रिंटरबद्दल बोलते. तुमच्यापैकी अठरा-वीस जणांनी गेल्या जूनमध्ये ग्रुपवर नव्या प्रिंटरसाठी पैसे पाठवले होते आणि ते पैसे अजून खर्च झालेले नाहीत. त्यामुळे हे भाषण कमी आणि हिशेब जास्त, असं समजा.

आठवण करून देते. दहावीचा निकाल लागला होता. अकरावीचे, आयटीआयचे, डिप्लोमाचे प्रवेश सुरू होते. अर्ज सगळे ऑनलाइन झाले, तरी शाळा सोडल्याच्या दाखल्याची मूळ प्रत हातात लागतेच. आणि नेमका ऑफिसातला प्रिंटर बंद पडला. १३७ दाखले अडकले. व्हरांड्यात पालकांची रांग, त्यात कोणी रोजंदारी बुडवून आलेलं. दुरुस्तीला आलेल्या माणसाने दहा मिनिटांत सांगितलं, ‘मदरबोर्ड गेलाय, पार्ट मिळत नाहीत, भंगारात द्या.’ मग कुणीतरी ग्रुपवर टाकलं आणि आपण सगळ्यांनी, जसे आपण आहोत तसे, लगेच पैसे काढले.

एक गोष्ट ग्रुपवर आली नव्हती. ऑफिसात मानधनावर असलेला लिपिक, आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी, आपल्यानंतर पुष्कळ वर्षांनी शिकून गेलेला, त्याच्याकडून समितीने लेखी खुलासा मागितला होता. प्रिंटरला शेवटचा हात त्याचा लागला होता, म्हणून. त्याच महिन्यात त्याची नेमणूक पुढच्या वर्षासाठी वाढवायची होती. हे मला मोठ्या बाईंनी फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘तू कॉम्प्युटरवाली आहेस, एकदा बघतेस का?’ मी पुण्यात, प्रिंटर इथे. मी म्हटलं, त्या मुलाला उद्या सकाळी फोन करायला सांगा, आणि तोपर्यंत नवा प्रिंटर घेऊ नका.

आता त्या ऑफिसात काय मांडणी आहे ते सांगते. प्रिंटर १९९० च्या दशकातला आहे, लेझर, भक्कम, दोन माणसांनी उचलावा असा. कुठल्याशा ऑफिसने नवे घेतल्यावर तो शाळेला मिळाला. त्याला मागे जुनं रुंद पॅरलल पोर्ट आहे. आजच्या कॉम्प्युटरला ती केबल लागतच नाही. म्हणून २०११ साली आपल्याच वर्गातल्या एकाने (तो आज आलेला नाही, आणि नाव घेतलेलं त्याला आवडणार नाही) एक जुना कॉम्प्युटर आणून मध्ये बसवला. त्यात लिनक्स घातलं. मेमरी कमी म्हणून चित्रं, खिडक्या, माउस काही नाही. काळा पडदा आणि त्यावर अक्षरं. ऑफिसातले नवे दोन कॉम्प्युटर दाखला या काळ्या पडद्याकडे पाठवतात, आणि तो प्रिंटरला समजेल अशा भाषेत करून पुढे देतो. दुभाषाच म्हणा. आणि त्या आपल्या मित्राने एक काम फार मोलाचं केलं होतं: दोनशे पानी वहीत सगळं लिहून ती वही कपाटात ठेवली होती. पासवर्डसुद्धा. (पासवर्ड वहीत लिहू नये हे मला माहीत आहे. पण ती वही नसती तर आज मी वेगळं भाषण केलं असतं.)

सकाळी साडेदहाला फोन आला. ‘मॅडम, मी शाळेतून बोलतोय.’ आवाजात अपराध्यासारखा सूर. मी म्हटलं, ‘मॅडम नको, ताई म्हण. आणि आधी मला सांग, शनिवारी काय काय झालं? कुणाची चूक ते नको, काय दिसलं ते सांग.’

विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून हे मुद्दाम सांगते. प्रयोगवहीत आपण लिहायचो: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. बाई, तुम्ही माझ्या वहीत एकदा ‘निरीक्षणात अनुमान घुसवू नये’ असा लाल शेरा मारला होता. माझ्या चोवीस वर्षांच्या नोकरीतलं अर्धं काम त्या शेऱ्यावर चाललं आहे. दुरुस्तीवाल्याने अनुमान आधी लिहिलं आणि निरीक्षण लिहिलंच नाही.

मुलाने सांगितलं ते असं. यंदा दाखल्याचा नमुना बदलला. पूर्वी छापील फॉर्म असायचा आणि प्रिंटर फक्त नाव, तारीख, इयत्ता भरायचा. यंदा कोऱ्या कागदावर सगळाच दाखला छापायचं ठरलं आणि पानभर फिकट रंगात शाळेचं बोधचिन्ह. शनिवारी पहिला दाखला पाठवला. प्रिंटर थांबला आणि त्याच्या इवल्याशा पट्टीवर शब्द उमटले: ‘पीसी लोड लेटर’. आता पीसी म्हणजे कॉम्प्युटर आणि लेटर म्हणजे पत्र. त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मामांनी तर खरोखर शाळेचं एक पत्र ट्रेमध्ये ठेवून पाहिलं! हसू नका, १९९९ च्या ‘ऑफिस स्पेस’ या अमेरिकन सिनेमात याच तीन शब्दांवर एक पात्र असंच भडकतं. तिथल्यांनाही कळलं नव्हतं.

त्या तीन शब्दांचा अर्थ असा: पीसी म्हणजे पेपर कॅसेट, कागदाचा ट्रे. लेटर म्हणजे अमेरिकेतला कागदाचा आकार, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपण वापरतो तो ए-फोर, २१० बाय २९७. म्हणजे प्रिंटर सांगत होता, ‘मला लेटर आकाराचा कागद द्या.’ ट्रे ए-फोरने काठोकाठ भरलेला, आणि तो उपाशी बसलेला.

पुढे काय झालं? मुख्य बटण बंद केलं, चालू केलं. चालू केल्याबरोबर प्रिंटर धडधडायला लागला आणि एकामागून एक पानं बाहेर. प्रत्येक पानावर एखाद-दुसरी ओळ, त्यात हृदय, बाण, आकडे, कंस, काहीही. ‘ताई, भूत लागल्यासारखं अर्धं रीम संपवलं,’ तो म्हणाला. घाबरून त्याने प्लगच काढला. सोमवारी प्रिंटर गप्प. काहीही पाठवा, काही येत नाही. मग दुरुस्तीवाला आला, त्याने ती भुताची पानं पाहिली आणि मदरबोर्ड म्हणाला.

मला त्या पानांवरूनच थोडा धीर आला, कारण ती अक्षरं आपोआप येत नाहीत. कॉम्प्युटर जेव्हा पान पाठवतो तेव्हा सुरुवातीला काही खुणा पाठवतो: पुढे येतंय ते चित्र आहे, इतकं रुंद आहे. प्रिंटर त्या लक्षात ठेवतो आणि पुढचे आकडे ठिपके म्हणून उमटवतो. मध्येच वीज घालवली की तो सगळं विसरतो. पण कॉम्प्युटर विसरत नाही. तो उरलेलं चित्र इमानदारीत ओततच राहतो, आणि प्रिंटरला वाटतं ही अक्षरं आहेत. गोष्ट निम्म्यातून ऐकायला बसलेल्या माणसासारखं त्याचं होतं. म्हणजे भुताची पानं हे बिघाडाचं लक्षण नव्हतं. पण हे माझं अनुमान होतं. निरीक्षण करायचं बाकी होतं.

पहिलं काम, प्रिंटर एकटा पडताळायचा. केबल काढ म्हटलं. पॅनेलवरच्या बटणांनी आतला मेनू उघडून ‘सेल्फ टेस्ट’ काढायला लावली. अर्ध्या मिनिटात स्वच्छ पान बाहेर आलं. टोनर नीट, गरम होणारा रोलर नीट, आणि मुख्य म्हणजे त्याचं डोकंही नीट, कारण ते पान तो स्वतःच्या डोक्यानेच काढतो. मदरबोर्ड गेला असता तर हे पान आलंच नसतं. त्या पानावरच्या सगळ्या ओळी मी त्याला वाचायला लावल्या. त्यात एक ओळ होती: मेमरी २ एमबी. ती मी वहीच्या कडेला लिहून ठेवली. तेव्हा ती कशाला लागेल हे माहीत नव्हतं.

मग केबल परत लावून काळा पडदा. आणि इथे खरी मजा. माझ्या घरून त्या कॉम्प्युटरपर्यंत पोचायची सोय नव्हती, म्हणजे मी सांगायचं आणि त्याने टाइप करायचं. पहिली आज्ञा होती एलपीस्टॅट, मग जागा, मग आडवी रेघ आणि टी. लाइन प्रिंटरचं एल-पी, म्हणजे ओळी बडवणाऱ्या पूर्वीच्या यंत्रांच्या काळातलं नाव अजून चालू आहे. मी म्हटलं, ‘एल, पी, एस, टी, ए, टी.’ त्याने टाइप केलं आणि म्हणाला, ‘कमांड नॉट फाउंड.’ दोनदा तेच. शेवटी विचारलं, पहिलं अक्षर एल दाबलंस की एक? ‘ताई, वहीत तर एक वाटतंय.’ आपल्या मित्राचं अक्षर! त्यानंतर आम्ही ठरवून टाकलं: एल म्हणजे लसणाचा एल, एक म्हणजे आकडा. ओ म्हणजे ओल्याचा ओ, शून्य म्हणजे भोपळा. आडवी रेघ शून्याशेजारची, उभी रेघ एंटरच्या वरची शिफ्ट धरून, आणि तिथेच शिफ्ट न धरता उलटी तिरकी रेघ. संगणकशास्त्राची एवढी स्पष्ट परिभाषा मी कॉलेजात शिकले नव्हते.

उत्तर आलं. वाटप करणारा कार्यक्रम चालू आहे. ‘कार्यालय’ नावाचा प्रिंटर बंद ठेवलेला आहे. आणि रांगेत ४३ कामं.

४३ कशी, ते ओळखलंच असेल. छापून येत नाही म्हटल्यावर प्रत्येकाने पुन्हा पुन्हा प्रिंट दाबलं. आणि प्रिंटर ‘बंद ठेवलेला’ कुणी? कुणीच नाही. या लिनक्सवर छपाईचं काम कप्स नावाची प्रणाली बघते. मायकेल स्वीट यांनी लिहिलेली, १९९९ साली बाहेर आली. २००२ पासून ॲपलच्या मॅकमध्येही तीच आहे, तेव्हा मॅकवाल्यांनो, या आज्ञा तुमच्याकडेही चालतील. तिचा ठरलेला नियम असा की प्रिंटरकडे माल पोचवताना काही विपरीत घडलं तर ती रांग थांबवते आणि माणसाने येऊन ‘चालू कर’ म्हणेपर्यंत थांबूनच राहते. मध्येच प्लग काढला तेव्हा तिने रांग थांबवली. नंतर प्रिंटर चालू केला तरी रांग थांबलेलीच. नवे कॉम्प्युटर मात्र ‘पाठवलं, पाठवलं’ म्हणत राहिले, कारण त्यांच्यापुरतं त्यांनी पाठवलेलं होतंच.

इथे घाई केली असती तर ४३ वेळा तेच रामायण. म्हणून आधी कॅन्सल, आडवी रेघ, ए: सगळी रांग रिकामी. मग कप्सएनेबल. आणि मग एकच शब्द पाठवायचा, मधल्या दुभाषाला बाजूला ठेवून, ‘रॉ’ म्हणजे जसाच्या तसा. शब्द होता ओके. पण नुसता ओके नाही. त्यामागे उलटी तिरकी रेघ आणि आर, मग तशीच एन, मग तशीच एफ. दहावीनंतर ज्यांनी टायपिंगचा क्लास केला त्यांना हे लगेच कळेल. आर म्हणजे गाडा उजवीकडे ढकला, एन म्हणजे रूळ एक ओळ फिरवा, एफ म्हणजे कागद काढा. तेव्हा टाइपरायटरवर ही तीन कामं हातांनी करत होतो. जुन्या प्रिंटरला ती अजून सांगावी लागतात. नुसतं एन दिलं तर ओळी जिन्यासारख्या उजवीकडे उतरत जातात. आणि एफ विसरलात तर लेझर प्रिंटर पान भरायची वाट बघत बसतो, आणि आपण म्हणतो, आलंच नाही.

थोडा वेळ फोनवर काहीच नाही. मग मामांचा आवाज आला, लांबून: ‘आलं की रे!’ कोपऱ्यात ओके लिहिलेलं पान. केबल चांगली, पोर्ट चांगलं, प्रिंटर चांगला. बारा वाजायला आले होते. मुलगा म्हणाला, ‘ताई, हे पान ठेवून घेऊ?’ मी म्हटलं, ठेव, लागणार आहे.

एक गंमत सांगून पुढे जाते. पॅरलल केबलमध्ये प्रिंटरकडून परत बोलायला मोजक्या तारा आहेत. त्यातली एक कागद संपल्याची, एक निवडलेला आहे की नाही याची, आणि एक नुसती ‘काहीतरी बिघडलंय’ची. लिनक्समध्ये ही केबल सांभाळणारा जो भाग आहे तो आधी कागदाची तार बघतो, मग निवडीची. दोन्ही ठीक असून तिसरी तार ओरडत असेल, तर तो नोंदवहीत लिहितो की प्रिंटरला आग लागली आहे! खरंच तसं लिहिलेलं आहे, ‘ऑन फायर’. आमच्या नोंदवहीत मात्र शनिवारची ओळ होती, ‘कागद संपला.’ आणि ट्रे तर भरलेला. ही विसंगती दिसली तेव्हा लेटर आकाराची शंका पक्की झाली.

आता या लेटरचं मूळ शोधायचं. एलपीऑप्शन्स, आडवी रेघ पी, कार्यालय, आडवी रेघ एल. या आज्ञेने प्रिंटरच्या सगळ्या सोयींची यादी येते आणि प्रत्येक ओळीत जी निवड चालू आहे तिच्याआधी चांदणी असते. तो वाचत गेला. पानाचा आकार: चांदणी लेटरवर. वर नव्या दाखल्याचा नमुना कुणीतरी इंटरनेटवरच्या तयार साच्यावरून बनवला होता, त्याचाही आकार लेटर. इतकी वर्षं चाललं, कारण जुना फॉर्म बनवणाऱ्याने त्यात ए-फोर लिहिलेलं होतं आणि इकडच्या चांदणीपर्यंत गोष्ट कधी आलीच नाही. दोन्हीकडे ए-फोर केलं. दाखला पाठवला.

आणि दाखला अर्धाच आला. वरचा अर्धा पहिल्या पानावर. मग पॅनेलवर मेमरीबद्दलचा संदेश, बटण दाबल्यावर खालचा अर्धा दुसऱ्या पानावर.

मुलगा एकदम खचला. म्हणाला, ‘म्हणजे बिघडलेलाच आहे ना, ताई.’ मी म्हटलं, थांब, मघाचं पान काढ. मेमरी किती होती? दोन एमबी.

गणिताचे सर, हे तुमच्यासाठी. हा प्रिंटर इंचाला ६०० ठिपके काढतो. ए-फोर पान म्हणजे रुंदीत ४९६० ठिपके, उंचीत ७०१६. गुणाकार साधारण ३ कोटी ४८ लाख. एका ठिपक्याला एक बिट, आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे जवळजवळ साडेत्रेचाळीस लाख बाइट, चार एमबीच्या वर. प्रिंटरच्या डोक्यात जागा दोन एमबीची, त्यातली काही त्याच्या स्वतःच्या कामाला. मग आजवर कसं चाललं? इंग्रजी अक्षरं प्रिंटरच्या स्वतःच्या पोटात असतात. नुसतं ‘ए’ म्हटलं की पुरतं. देवनागरी त्याच्या पोटात नाही, आपली अक्षरं त्याला चित्र म्हणूनच द्यावी लागतात. पण जुन्या फॉर्मवर भरायचे शब्द थोडे, बाकी पांढरं. पांढरं आवळून पाठवता येतं: ‘पुढचे चारशे ठिपके कोरे’ एवढंच सांगायचं. यंदा पानभर फिकट बोधचिन्ह आलं. लेझर प्रिंटरकडे फिकट शाई नसते. तो काळे ठिपके विरळ पेरून फिकटपणाचा भास करतो, आणि असं रांगोळीसारखं पेरलेलं पान आवळलं जात नाही. सगळंच्या सगळं पाठवावं लागतं. ते मावलं नाही.

उपाय एका ओळीचा. ६०० ऐवजी ३००. दोन्ही दिशांना निम्मे ठिपके, म्हणजे एकूण पाव. साधारण १ एमबी. एलपीॲडमिन, आणि रेझोल्युशन ३०० डीपीआय. १९८४ मध्ये पहिला लेझरजेट बाजारात आला तो ३०० चाच होता आणि जगाने त्यावर वर्षानुवर्षं पत्रं छापली, तेव्हा दाखल्याला काय धाड भरली आहे? फक्त एक धास्ती होती. आपली लिपी बारीकसारीक आहे. मी म्हटलं, ‘वर्तणूक’ हा शब्द बघ, त्यातला रफार सुटा दिसतोय का? आणि अनुस्वार भरून तर आले नाहीत ना? फोन मोठ्या बाईंकडे गेला. त्यांनी चष्मा लावून दाखला वाचला, पूर्ण, आणि म्हणाल्या, ‘रफार स्वच्छ आहे. पण शाळा सोडल्याचे कारण या ओळीत शुद्धलेखनाची चूक आहे.’ ती चूक नमुना बनवणाऱ्याची होती. ती पण सुधारली!

दीड वाजला होता. १३७ दाखले संध्याकाळी पाचच्या आत सह्यांसाठी गेले.

रात्री त्याचा फोन आला. ‘ताई, हे जे झालं ते तुम्ही लिहून द्याल का? मला तो खुलासा द्यायचाय.’ मी लिहून दिलं, एक पानभर. बाईंच्या पद्धतीने: निरीक्षणं वेगळी, अनुमान वेगळं. सेल्फ टेस्टचं पान जोडलं, ओकेचं पान जोडलं, अर्धा दाखला जोडला. त्यात स्पष्ट लिहिलं की यंत्राने मागितलेल्या कागदाचा अर्थ कुणालाही सांगितलेला नव्हता, आणि प्लग काढल्याने कोणतंही नुकसान झालेलं नाही. समितीने खुलासा मागितल्याचं पत्र मागे घेतलं. नेमणूक झाली. तो आत्ता मागे, चहाच्या टेबलाशी उभा आहे. टाळ्या वाजवू नका, लाजतो.

आता, मी एवढं पाल्हाळ का लावलं? आमच्या धंद्यात एक जुनी गोष्ट आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. तो मधूनमधून कागद अडकवायचा आणि वेगळ्या मजल्यावरच्या लोकांना पत्ताच नसायचा. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरसाठी युक्ती केली होती की अडकला की सगळ्यांच्या पडद्यावर निरोप जाई. नव्याला ती करायची तर त्याचा मूळ प्रोग्राम हवा, आणि तो द्यायला नकार मिळाला. जी वस्तू आपल्याकडे आहे ती आतून बघायची बंदी, हे त्यांना फार लागलं. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. आपल्या ऑफिसातल्या काळ्या पडद्यावरचा मोठा भाग त्याच प्रकल्पातून आलेला आहे. प्रिंटर सगळ्यांनाच छळतो. काही जणांनी त्यातून फार मोठी कामं केली.

मी जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली नाही. हा प्रिंटर वीज जास्त खातो, कागद ओढणारे रबरी रोलर कडक झालेत, आणि टोनर दरवर्षी शोधावा लागतो. एक दिवस तो खरंच जाईल. पण तो जाईल तेव्हा पुरावा बघून जावा, आणि त्यासाठी कुणाची नोकरी जाऊ नये.

हिशेब. जमलेले पैसे तसेच आहेत, पावत्या खजिनदारांकडे. माझी सूचना अशी की निम्म्यात रोलरचा संच आणि दोन टोनर घ्यावेत, आणि उरलेले नव्या प्रिंटरसाठी बाजूला ठेवावेत. तो घ्यायची वेळ आली की असा घ्यावा ज्याला काळ्या पडद्यावरून बोलता येतं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जेवणाच्या वेळी मला धरावं. खजिनदारांना धरू नये.

वहीबद्दल सांगायचं राहिलं. त्या मुलाने आपल्या मित्राच्या लिखाणापुढे चार पानं वाढवली आहेत, मराठीत. लसणाचा एल आणि भोपळ्याचं शून्य त्यात आहे. ‘पीसी लोड लेटर’चा अर्थ लाल शाईत चौकट करून लिहिला आहे आणि त्याची एक प्रत प्रिंटरवर चिकटवली आहे. मामांसाठी.

आणि शेवटी एक मागणं. त्या प्रिंटरमध्ये जादा मेमरी बसवायला मोकळा खाचा आहे. त्याला जुन्या कॉम्प्युटरमधली ७२ पिनांची सिम लागते. मोबाइलचं सिम नव्हे. बोटभर उंचीची, लांबट हिरवी पट्टी असते. १९९५-९६ च्या सुमाराचा कॉम्प्युटर कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या वडिलांच्या दुकानात, गोणपाटाखाली पडलेला असेल, तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी उघडून बघा. चार किंवा आठ एमबीची मिळाली तर आपल्याला पुन्हा ६०० वर जाता येईल. मिळाली तर माझ्याकडे नको, सरळ ऑफिसात द्या. पोच मिळेल, छापील.